अंगाला बसणारे स्टॉर्मट्रूपरचे चिलखत: बांधणीपासून वापरापर्यंत

१९७७ साली पडद्यावर आलेल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील स्टॉर्मट्रूपरचे, म्हणजे खलनायकी साम्राज्याच्या शिपायाचे, पांढरे चिलखत लांबून एकसंध दिसते, पण ते पातळ प्लॅस्टिकच्या अनेक सुट्या कवचांचे बनलेले असते. मूळ चिलखते १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाली. तापवून मऊ केलेली प्लॅस्टिकची शीट साच्यावर पसरायची आणि खालून हवा खेचून तिला साच्याचा आकार द्यायचा, ही व्हॅक्यूम फॉर्मिंगची पद्धत तेव्हा वापरली गेली आणि आजचे हौशी कारागीरही तीच वापरतात. त्यांच्याकडून येणाऱ्या खोक्यात कडांना जादा प्लॅस्टिक असलेली कच्ची कवचे असतात. ती कापणे, अंगावर बसवणे आणि जोडणे हे काम घेणाऱ्याचे. हे चिलखत घालून काही तास उभे राहायचे, चालायचे, जिने उतरायचे आणि मुलांशी बोलायचे असते; म्हणून प्रत्येक काप घालणाऱ्याच्या शरीराकडे पाहूनच ठरवावा, हे या लेखातील सर्व सूचनांमागचे सूत्र आहे.

खरेदीपूर्वी

अशा वेशभूषेची सर्वांत मोठी संघटना म्हणजे ५०१वी लीजन. अल्बिन जॉन्सन यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत ती सुरू केली. सदस्य होण्यासाठी वय १८ पूर्ण असावे लागते आणि वेशभूषा संघटनेच्या ‘कॉस्च्युम रेफरन्स लायब्ररी’त, म्हणजे सीआरएलमध्ये, लिहिलेल्या निकषांत बसावी लागते. मान्यता मिळाल्यावर स्टॉर्मट्रूपरला ‘टीके’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. लीजनमध्ये जाण्याचा विचार नसला तरी सीआरएल आधी वाचावे, कारण पट्टीची रुंदी, रंगाची छटा, बुटांचा प्रकार अशा बारीकसारीक बाबी इतक्या काटेकोरपणे दुसरीकडे क्वचितच मांडलेल्या सापडतात.

त्यानंतर आवृत्ती ठरवावी. पहिल्या चित्रपटातील ‘स्टंट’ (धावपळीच्या दृश्यांसाठीचे) आणि ‘हीरो’ (जवळून टिपलेल्या दृश्यांसाठीचे) ही दोन रूपे, ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या दुसऱ्या चित्रपटातील रूप आणि ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या तिसऱ्या चित्रपटातील रूप यांत हेल्मेटचे दात, भिंगांचा आकार, गालांवरील नळ्यांच्या रेघा आणि हातांवरील पट्ट्या वेगवेगळ्या असतात. एकीचे हेल्मेट आणि दुसरीचे हातमोजे अशी सरमिसळ केली, तर चांगले कामही मान्यतेच्या वेळी अडते. नवख्याने पहिल्या चित्रपटातील स्टंट रूप घ्यावे असे माझे मत आहे; त्याची संदर्भचित्रे भरपूर उपलब्ध आहेत आणि अडल्यावर सांगणारेही पुष्कळ भेटतात.

दुसऱ्याच्या चिलखतावरून परस्पर साचा काढून स्वस्तात विकलेली नक्कल घेऊ नये. असा साचा काढताना रेषा बोथट होतात, आकार किंचित आकसतो आणि ज्याने मूळ साच्यावर मेहनत घेतली त्याच्या हाती काहीच लागत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे हेल्मेट त्या देशाच्या कायद्याच्या अर्थाने शिल्प ठरत नाही, म्हणजे त्याला शिल्पाचे कॉपीराइट संरक्षण नाही, असा निकाल दिला, पण त्यामुळे जगभर कोणीही ते विकावे अशी मुभा मिळालेली नाही. हौशी वेशभूषाकारांचे आणि चित्रपटसंस्थेचे संबंध चांगले राहिले आहेत, कारण हे लोक या वेशातून पैसा कमावत नाहीत. ती मर्यादा आपणही पाळावी.

बहुतेक संच साधारण पावणेसहा ते सहा फूट उंचीच्या, मध्यम बांध्याच्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. उंची कमी असेल तर नडगी आणि मांडीचे भाग आखूड करावे लागतात. कंबर मोठी असेल तर पोट आणि पाठीच्या कवचांमधील फट भरायला जादा पट्टी लागते. म्हणून संच मागवताना छाती, कंबर, मांडी आणि पोटरी यांचे घेर कारागिराला आधीच कळवावेत. प्लॅस्टिक एबीएस (एक टणक, चिवट प्रकार) आहे ना, याचीही खात्री करावी. साधे एबीएस उन्हात काही वर्षांनी पिवळे पडते. वरून ॲक्रिलिकचा थर असलेली शीट अधिक काळ पांढरी राहते.

कापणे आणि बसवणे

हत्यारे फार लागत नाहीत. बाकदार पात्याची लेक्सन कात्री, धारदार कटर, लोखंडी पट्टी, कानस, वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, चिमटे आणि डझन-दोन डझन लहान पण ताकदवान लोहचुंबक पुरतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात बोहरी आळीत यातले बरेचसे एका फेरीत मिळते. सरळ काप घेताना कटर जोर लावून फिरवू नये. त्याच रेषेवर दोन-तीन हलके हात फिरवले आणि तुकडा मागेपुढे वाकवला, की प्लॅस्टिक रेषेवर स्वच्छ तुटते. वळणदार कडांना मात्र कात्रीच लागते. कापलेली प्रत्येक कड पॉलिश पेपरने गोल करावी, कारण काखेत आणि गुडघ्यामागे हीच कड तासाभरात कातडी सोलते.

आता या कामातील सर्वांत महत्त्वाच्या टप्प्याकडे येतो. हात आणि पाय यांची कवचे पुढची आणि मागची अशा दोन अर्धुकांची असतात. दोन्ही अर्धुके एकमेकांवर न चढवता कडेला कड लावून ठेवतात आणि सांध्यावर एबीएसची पट्टी चिकटवतात. पहिल्या चित्रपटाच्या रूपात ही पट्टी हातांवर साधारण १५ मिमी आणि पायांवर साधारण २० मिमी रुंद असते. म्हणजे हाताच्या पुढच्या सांध्यावर, उंचवट्याच्या कडेपासून मोजून, प्रत्येक अर्धुकावर साडेसात मिमीचा सपाट भाग ठेवायचा. पायावर तो १० मिमी ठेवायचा. पुढचा सांधा या मापाने कायम ठेवावा आणि घेर कमी-जास्त करायचा तो नेहमी मागच्या सांध्यावर करावा. समोरून सर्वांची चिलखते सारखी दिसतात आणि तरीही ती प्रत्येकाच्या अंगाला बसतात, ती या एका युक्तीमुळे.

शिंपी कपडा पक्का शिवण्याआधी कच्च्या टाक्यांवर अंगात घालून पाहतो, तसे येथे मास्किंग टेप वापरावा. दोन्ही अर्धुके टेपने जोडावीत, आतला काळा पोशाख घालावा आणि मगच कवच चढवून पाहावे. उघड्या अंगावर घेतलेले माप नंतर फसवते. कोपर पूर्ण वाकवावे, बसता येते तितके खाली जावे, घरातल्या एखाद्या पायरीवर पाय ठेवून पाहावा. मांडीच्या कवचात सगळीकडून दोन बोटे सहज शिरावीत; त्याहून सैल असेल तर चालताना ते फिरते आणि पट्टी समोरून बाजूला जाते. नडगीची वरची मागची कड पोटरीला किंवा मांडीच्या कवचाला आपटत असेल तर ती कमी करावी, मात्र एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच. जादा राहिलेले प्लॅस्टिक केव्हाही काढता येते.

जोडण्यासाठी ‘ई-६०००’ हा लवचीक गोंद बहुतेक जण पसंत करतात. तो पूर्ण पक्का व्हायला एक ते तीन दिवस लागतात आणि तोवर सांधा चिमटे व लोहचुंबकांनी दाबून ठेवावा लागतो, पण माप चुकले असे लक्षात आले तर सांधा हळूहळू उकलून पुन्हा करता येतो. सुपर ग्लू क्षणात धरतो खरा, पण ठिसूळ असतो आणि चालताना बसणाऱ्या हिसक्यांनी तडकतो. सांध्याच्या आतल्या बाजूलाही एक पट्टी चिकटवावी. कापून उरलेले एबीएसचे तुकडे बाटलीत ॲसिटोनमध्ये विरघळवले की त्याच रंगाची लापशी तयार होते. भेगा आणि फटी बुजवायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. ॲसिटोन आणि गोंदाचे काम खिडक्या उघड्या ठेवून, वाफांसाठीचा मास्क लावून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब करावे. एखाद्या कवचाचा बाक बदलायचा असेल तर उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात तो भाग थोडा वेळ धरून, जाड हातमोजे घालून वळवावा. हीट गन क्षणभर जास्त रेंगाळली तरी पृष्ठभागावर फोड येतात.

हाताच्या पुढच्या भागापासून सुरुवात करावी, म्हणजे सवय होते. छाती आणि हेल्मेट शेवटी ठेवावेत. हेल्मेटमध्ये खरी परीक्षा कानांची असते. चेहरा आणि मागचा घुमट यांच्या सांध्यावर कान चपखल टेकायला हवा आणि त्याचा आतला बाक प्रत्येक हेल्मेटला वेगळा घासावा लागतो, कारण मूळ शिल्प हाताने घडवलेले असल्याने हेल्मेटच्या दोन्ही बाजूही तंतोतंत सारख्या नाहीत. नळ्यांच्या निळ्या रेघांसाठी हम्ब्रोल या रंगकंपनीचा १४ क्रमांकाचा इनॅमल रंग वापरतात. इनॅमलची रेघ बिघडली तर टर्पेंटाइनने पुसून काढता येते. तेथे ॲसिटोन लावला तर मात्र प्लॅस्टिकच विरघळते. रेघा हातानेच रंगवाव्यात असा माझा आग्रह आहे. मूळ हेल्मेटवरही त्या हाताने रंगवलेल्या होत्या आणि त्यांतली किंचित असमानता स्टिकरमध्ये उतरत नाही.

पट्टे आणि मान्यता

सर्व कवचे एकमेकांना टांगलेली असतात: दंड खांद्याच्या वाटीला, वाटी खांद्याच्या पट्टीला, मांड्या कमरेच्या पट्ट्याला. त्यासाठी नायलॉनची नवार, रुंद इलॅस्टिक आणि धातूची टिचबटणे वापरावीत. टिचबटण थेट कवचाला ठोकू नये; नवारीच्या लहान तुकड्यावर ठोकून तो तुकडा आतून गोंदाने चिकटवावा, म्हणजे ओढ बसली तरी प्लॅस्टिकला छिद्रापासून चीर जात नाही. नवारीची कापलेली टोके मेणबत्तीवर हलकेच वितळवून घ्यावीत, नाहीतर ती उसवतात.

मान्यतेसाठी समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि हेल्मेट काढून अशी छायाचित्रे स्थानिक तुकडीच्या सदस्यता अधिकाऱ्याकडे पाठवतात. तो काही सुधारणा सांगेल. त्या मनाला लावून घेऊ नयेत; चांगला अधिकारी पट्टीच्या दोन मिलिमीटरवर बोट ठेवतो, कारण वीस जण रांगेत उभे राहिले की तेवढाच फरक डोळ्यात भरतो. मूलभूत मान्यतेनंतर ‘एक्स्पर्ट इन्फिल्ट्रेटर’ आणि ‘सेंच्युरियन’ असे अधिक काटेकोर टप्पे स्टॉर्मट्रूपरसाठी आहेत. ते ऐच्छिक आहेत.

घालून वावरताना

प्रथम काळा पोशाख, नंतर मांड्या, मग बूट आणि नडग्या. धडाची कवचे चढल्यावर वाकता येत नाही, म्हणून पायांचे सगळे त्याआधी उरकावे. शेवटी हात, मानेची काळी पट्टी, हेल्मेट आणि हातमोजे. पाणी पिणे आणि स्वच्छतागृहात जाणे यापूर्वीच व्हायला हवे.

हेल्मेटमधून स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि बाजूचे तर जवळपास काहीच दिसत नाही. म्हणून साध्या कपड्यांतला एक सोबती सतत जवळ असावाच. जिन्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून आडव्या पावलांनी उतरावे. भिंगे धुक्याने भरू नयेत म्हणून हेल्मेटमध्ये छोटे पंखे बसवावेत. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत अर्ध्या तासाने हेल्मेट काढून सावलीत विसावा घ्यावा, मीठ-साखरेचे पाणी प्यावे आणि चक्कर, मळमळ किंवा घाम अचानक थांबणे यांपैकी काहीही जाणवले तर कार्यक्रम तेथेच सोडावा. सोबत्याशी एक खूण आधीच ठरवावी. ती दिसताच त्याने काहीही न विचारता बाहेर न्यावे.

नकली बंदूक विमानाच्या केबिनमध्ये किंवा मेट्रोत नेऊ नये, आणि एरवीही ती पिशवीत झाकूनच न्यावी. कॉमिक कॉनसारख्या चाहत्यांच्या मेळाव्यात प्रवेशद्वारावर अशा वस्तूंची तपासणी होते, तेव्हा ती आपणहून दाखवावी.

लीजन कार्यक्रमासाठी मोबदला घेत नाही. यजमानाला द्यायचेच असेल तर त्याने एखाद्या सेवाभावी संस्थेला देणगी द्यावी असे सुचवले जाते. रुग्णालयातील मुलांना भेटणे हा या हौसेचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग आहे आणि म्हणूनच तेथे सर्वाधिक तयारी लागते. आतला पोशाख त्याच दिवशी धुतलेला असावा, कवचे सौम्य साबणाच्या पाण्याने पुसलेली असावीत आणि वॉर्डातील परिचारिकेने सांगितलेल्या खाटेपाशीच जावे. मूल बिचकले तर पुढे जाऊ नये. दारापाशी थांबून, डाव्या पायावरील गुडघ्याच्या पट्टीवर टेकून बसावे आणि हात हलवावा. तेवढ्याने मूल बहुधा स्वतःच जवळ बोलावते. न बोलावल्यास पुढच्या खाटेकडे वळावे.

परतल्यावर कवचे आतून पुसून, पंख्याखाली पूर्ण वाळवून मगच चाकांच्या मोठ्या खोक्यात ठेवावीत. मोठी कवचे खाली आणि हेल्मेट सर्वांत वर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवावे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत खोके सोडू नये, कारण उष्णतेने गोंद सैल पडतो आणि दाबाखालची कवचे वाकतात. पावसाळ्यात कापडी पट्टा, बूट आणि हातमोजे वेगळ्या पिशवीत ठेवून महिन्यातून एकदा हवेला काढावेत; बुरशी प्रथम तेथेच धरते. सुटलेल्या टिचबटणांसाठी नवारीचे तयार तुकडे, सुपर ग्लू, पांढरा टेप आणि पंख्याच्या जादा बॅटऱ्या एका डब्यात घालून तो डबा खोक्यातच कायम ठेवावा.