एक कोयता म्हणजे किती माणसे? गावाकडे समाजशास्त्राच्या नजरेने पाहण्याची रीत

बी.ए.ला समाजशास्त्र हा विषय अनेक जण सोपा म्हणून घेतात आणि व्याख्या पाठ करून उत्तीर्णही होतात. फ्रेंच विचारवंत ऑग्युस्त कॉम्त यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शास्त्राला नाव दिले, १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात त्याचा विभाग सुरू झाला, मालवणचे गो. स. घुर्ये यांनी तो पुढे नावारूपाला आणला, एवढे लिहिले की गुण मिळतात. हे शास्त्र नेमके काय करते ते मात्र एखादा लहानसा अभ्यास स्वतः केल्याशिवाय उमगत नाही. त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, केज यांपैकी कोणत्याही तालुक्यातले एक गाव आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथून ऊसतोडीला निघणारी माणसे, एवढी सामग्री पुरेशी आहे.

पहिले काम प्रश्न ठरवण्याचे. ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या’ हा प्रश्न नव्हे. ते निबंधाचे शीर्षक झाले. लोक का जातात, असे विचारले तर पारावर बसलेला कोणीही सांगेल की पाऊस नाही, हाताला काम नाही, पोटामागे जावे लागते. हे उत्तर खरेच आहे. पण पाऊस तर साऱ्या गावावर सारखाच पडतो, किंवा सारखाच पडत नाही, आणि तरीही काही घरांना कुलूप लागते आणि काही घरांना लागत नाही. म्हणून प्रश्न असा मांडावा: एकाच गावात, एकाच दुष्काळात, कोणती घरे जातात आणि कोणती राहतात? असे विचारताच जमीन कोणाकडे किती, विहिरीला पाणी कोणाच्या, जात कोणती, मागच्या हंगामाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम, फिटली की अंगावर राहिली, या गोष्टी आपोआप पुढे येतात.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येसारख्या अत्यंत खासगी वाटणाऱ्या कृतीचा अभ्यास याच पद्धतीने केला. एकेका माणसाच्या मनात शिरण्याऐवजी त्यांनी प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, विवाहित आणि अविवाहित अशा समूहांतील प्रमाणांची तुलना केली आणि हा फरक व्यक्तीच्या स्वभावातून नव्हे, तर समूहाशी असलेल्या तिच्या बांधिलकीतून समजून घ्यावा, असे मांडले.

प्रश्न ठरल्यावर लोकांच्या शब्दांकडे लक्ष द्यावे. माझ्या मते नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक निसटते ते हेच. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे एक हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर तो ‘अर्धा कोयता’. मुकादमाची, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराची, उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, मजुरी टनावर ठरते, आणि मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावर वाहणारी, पहाटे उठून कोपीतला, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतला, स्वयंपाक उरकणारी बाई हिशेबाच्या वहीत वेगळी दिसतच नाही. कुटुंब, श्रम आणि कर्ज या तीन संस्था एका शब्दात अशा गुंफलेल्या आहेत. जोडी असेल तरच पूर्ण कोयता धरला जात असेल, तर मुलांची लग्ने लवकर उरकण्याशी त्याचा काही संबंध असू शकेल का, हे गृहीतक तपासण्याजोगे आहे. ते आधीच सिद्ध झाले असे मात्र धरू नये.

‘खाडा’ हाही असाच शब्द. कामावर न गेलेल्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर मुकादम पैसेही कापून घेतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला आणि राज्य शासनाने त्यासाठी समिती नेमली. एकेक शस्त्रक्रिया पाहिली तर ती त्या बाईची आणि डॉक्टरची बाब वाटते. खाड्याची धास्ती, फडावर नसलेले शौचालय, जड मोळ्या आणि डोक्यावरची उचल हे सारे शेजारी ठेवून पाहिले, की तीच बाब एका व्यवस्थेची होते.

आता माहिती गोळा करण्याविषयी. गावात कधी जायचे हे आधी ठरवावे, कारण डिसेंबरात गेल्यास म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली पोरेच भेटतील आणि सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेलेली घरे नमुन्यातून गळतील. २०११ च्या जनगणनेची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली, म्हणजे ऐन गाळपाच्या हंगामात. सरकारी आकडा वापरताना ही तारीख ध्यानात असू द्यावी. मे महिन्यात बहुतेक टोळ्या परतलेल्या असतात. तेव्हा गाव, तांडा, वस्ती अशी सगळीकडची घरांची यादी करावी आणि तिच्यातून ठरावीक अंतराने, समजा दर पाचवे, घर निवडावे. ओळखीच्या आळीतच फिरल्यास उत्तरे ओळखीचीच मिळतात.

मुलाखतीत ‘तुमचे शोषण होते का?’ असे विचारू नये. ‘बाप्पा, यंदा उचल किती घेतली? कोणाच्या नावावर?’ असे विचारले की बोलणे सुरू होते. घरातील बाईशी शक्यतो स्त्री अभ्यासकाने आणि पुरुष जवळ नसताना बोलावे. नाहीतर प्रश्न तिला आणि उत्तर त्यांचे, असा प्रकार होतो. मुकादमालाही टाळू नये. तोही पुष्कळदा त्याच गावचा, त्याच भावकीतला असतो आणि उचल बुडवून पळालेल्या मजुरांची त्याची तक्रार पूर्णपणे खोटी नसते.

अभ्यासक त्याच गावचा असेल तर एक अडचण वाढते: त्याला सगळे आधीच ठाऊक असल्यासारखे वाटते. त्यावर उपाय म्हणजे रोजची टिपणवही. जे पाहिले ते एका पानावर आणि त्याविषयी आपल्याला जे वाटले ते समोरच्या पानावर, असे लिहावे. नावे बदलावीत, संमती घ्यावी, आणि कर्जाचा आकडा एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ देऊ नये, कारण आपण परीक्षा देऊन मोकळे होतो आणि तो माणूस पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाच्या दारात उभा असतो.

टिपणांच्या प्रती मात्र वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात राहून केलेल्या अभ्यासाची टिपणे १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाली, आणि त्या गावावरचे पुस्तक त्यांना मुख्यतः आठवणींवर विसंबून लिहावे लागले.