मिरगाला घेवडा लावा, पोरांच्या हातानं

घेवड्याचा वेल लावायचा तर बी पेरण्यापासून भाजी फोडणीला जाईपर्यंतचं काम पोरांकडेच द्या. शिवाजी पेठेतल्या आमच्या गच्चीवर मी नातवंडांकडून असंच करून घेते. ज्या शेंगांच्या शिरा पोरानं स्वतः काढल्यात, त्यांची भाजी ताटात उरत नाही.

मृग लागला की वाल घेवड्याचं उंच चढणारं बी आणा आणि रात्री भिजत घाला. पंधरा-वीस लिटरच्या जुन्या बादलीच्या बुडाला भोकं पाडा. ते काम मोठ्यांचं. कोल्हापुरात जून-जुलैत पाऊस उसंत देत नाही, पाणी साचलं की बी कुजतं. दोन भाग माती, एक भाग शेणखत, थोडी वाळू. बोटाच्या पहिल्या पेराएवढं खोल, बादलीत तीन बिया. आठवडाभरात कोंब वर येतात. त्यातलं दणकट एकच ठेवायचं, आणि कुठलं ते पोरांना ठरवू द्या. उपटायचं त्यांच्या जिवावर येतं, पण घाई करू नका.

वेल चढायला लागला की खरी मजा. शेंडा हवेत गोल फिरत आधार शोधतो. सकाळी टोकासमोर भिंतीवर खडूनं खूण करा आणि पोरं शाळेतून आली की दाखवा. टोक भलतीकडेच गेलेलं असतं! मग जवळ सुतळी बांधायची, बाकीचं वेल बघतो.

दसऱ्यापर्यंत नुसता पाला दिसेल. पोरं कुरकुरतील, तेव्हा सांगा की या वेलाला दिवस लहान झाल्यावरच फुलायचं कळतं. म्हणून युरिया घालू नका, पालाच वाढेल. वेल उपटाल तेव्हा मुळांवरच्या गाठी नखानं फोडून दाखवा. आतून गुलाबी असल्या की समजावं, त्यातले जिवाणू हवेतला नत्र वेलाला देत होते. शेंड्यावर काळा मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. तरीही राहिला तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब घालून संध्याकाळी फवारा.

शेंगा कोवळ्या असतानाच तोडा. कच्चं बी मात्र पोरांना खाऊ देऊ नका. वाळलेलं असेल तर भिजवून, पाणी टाकून, चांगलं शिजवूनच खायचं.

भाजीला पाव किलो शेंगा. दोन्ही कडांच्या शिरा ओढून शेंगा हातानंच मोडायच्या, विळी नको. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, एक कांदा. मग शेंगा, मीठ, चिमूटभर हळद. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं. शेवटी दोन चमचे दाण्याचं कूट आणि अर्धा चमचा कांदा-लसूण चटणी. आमच्याकडं लहानग्यांची भाजी चटणी घालायच्या आधीच बाजूला काढतात, वर थोडं ओलं खोबरं. सोबत गरम ज्वारीची भाकरी, आणि मोठ्यांना हवी तर चटणी वरून आणखी.