कोरोनरी धमन्यांची मोजमापे: दोन इमेजिंग पद्धतींची तुलना कशी करावी

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमनीच्या पोकळीचा व्यास अँजिओग्राफी (डाय सोडून घेतलेले एक्स-रे चित्र), आयव्हीयूएस (धमनीच्या आतून केलेली अल्ट्रासाउंड तपासणी) आणि ओसीटी (धमनीच्या आतून प्रकाशाने घेतलेले चित्र) अशा तिन्ही पद्धतींनी मोजला, तर एकाच जागेचे तीन निरनिराळे आकडे हाती येऊ शकतात. म्हणून आकडे शेजारी मांडण्याआधी प्रत्येक पद्धत नेमके काय पाहते, हे लक्षात घ्यावे. अँजिओग्राफीत डायने भरलेल्या पोकळीची केवळ सावली दिसते, भिंत दिसत नाही. चरबीचा थर साचू लागला की धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूला रुंदावते आणि पोकळी बराच काळ पूर्ववत राहते, हे ग्लागोव्ह आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवून दिले. अशी धमनी अँजिओग्राफीत निरोगी भासते. आयव्हीयूएसच्या ध्वनिलहरी भिंतीत काही मिलिमीटर खोल जातात, पण त्यांना साधारण 100 मायक्रॉनहून बारीक तपशील सहसा दिसत नाही. ओसीटीचा अवरक्त प्रकाश 10 ते 20 मायक्रॉनपर्यंतचा तपशील दाखवतो, मात्र तो एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. सीटी या चौथ्या, शरीराबाहेरून एक्स-रेने चित्र घेणाऱ्या पद्धतीत भिंतीतले कॅल्शियम असते त्यापेक्षा मोठे दिसते आणि त्यामुळे पोकळी अरुंद भासते.

तुलनेतल्या बहुतेक चुका जागा जुळवताना होतात. कोरोनरी धमनी काही मिलिमीटरच्या अंतरात अरुंद होऊ शकते, त्यामुळे धमनीच्या फांद्या खुणेसाठी धरून दोन्ही चित्रांतले तेच छेद (धमनीचे आडवे काप) निवडावेत. शक्य असेल तिथे सर्व मोजमापे नायट्रोग्लिसरीन हे धमनी सैल करणारे औषध दिल्यानंतरच घ्यावीत, कारण आकुंचन पावलेल्या आणि सैलावलेल्या धमनीचा व्यास एकसारखा नसतो. अँजिओग्राफीच्या चित्राचे प्रमाण कॅथेटरवरून (डाय सोडणाऱ्या बारीक नळीवरून) ठरवत असल्यास कॅथेटरच्या टोकाची खरी जाडी माहीत असावी लागते (कॅथेटरच्या जाडीच्या ‘फ्रेंच’ या एककात 6 फ्रेंच म्हणजे बाहेरून 2 मिलिमीटर). तिथे चूक झाली की ती पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरते. आयव्हीयूएसचा कॅथेटर धमनीत तिरपा असेल, तर गोल छेद लंबगोल दिसतो आणि क्षेत्रफळ वाढते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने व्यासातली 10 टक्के वाढ क्षेत्रफळात 21 टक्के होते. तेव्हा तुलना कोणत्या मापाची आहे, हे स्पष्ट लिहावे.

मोजणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीचा आकडा आधी कळू देऊ नये. प्रत्येक पद्धतीने काही छेद त्याच व्यक्तीकडून काही आठवड्यांनी पुन्हा मोजून घ्यावेत. एकाच पद्धतीची दोन मोजमापे एकमेकांशी जुळत नसतील, तर ती दुसऱ्या पद्धतीशी जुळण्याची अपेक्षाच चुकीची ठरते.

विश्लेषणात केवळ सहसंबंध गुणांक (दोन मापे किती एकत्र वाढतात-घटतात ते सांगणारा आकडा) देऊन थांबणे मला गंभीर चूक वाटते. एक पद्धत दुसरीपेक्षा नेहमी दुप्पट आकडा देत असेल, तरीही हा गुणांक 1 येतो. त्याऐवजी ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये मांडलेली रीत वापरावी: प्रत्येक छेदासाठी दोन मापांमधला फरक उभ्या अक्षावर आणि त्यांची सरासरी आडव्या अक्षावर घ्यावी. समजा, फरकांची सरासरी उणे 0.10 मिलिमीटर आणि प्रमाण विचलन (फरक सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) 0.20 मिलिमीटर आले, तर सुमारे 95 टक्के फरक उणे 0.49 ते अधिक 0.29 मिलिमीटर या मर्यादांत अपेक्षित असतात. मोठ्या धमन्यांकडे जाताना ठिपके पसरत गेले, तर फरक टक्केवारीत मांडावा. एकाच रुग्णाचे अनेक छेद घेतले असल्यास ते परस्परांपासून स्वतंत्र धरू नयेत. तसे धरल्यास निष्कर्ष आहे त्यापेक्षा अधिक नेमका भासतो.

या मर्यादा पुरेशा आहेत की नाहीत, हे मोजमाप कशासाठी वापरायचे त्यावरून ठरवावे. स्टेंटचे (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीचे) आकार पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्यांनी वाढतात, म्हणून वरच्या उदाहरणातली पद्धत एका रुग्णाचा स्टेंट निवडताना दुसरीच्या जागी वापरता येणार नाही. मोठ्या गटाची सरासरी काढताना यादृच्छिक फरक बराचसा निवळतो, परंतु 0.10 मिलिमीटरचा एकतर्फी फरक तसाच राहतो. त्यामुळे औषधाचा परिणाम तपासताना पहिली आणि शेवटची तपासणी एकाच पद्धतीने करावी.