क्यूसीत लागताय? मग आयआर पावसाळ्यातच शिका

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कंपन्यांतून क्यूसीच्या, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या विभागाच्या, मुलाखतीचं बोलावणं आलं, की आपली बीएस्सी-एमएस्सीची पोरं काय पाठ करून जातात ते मला माहीत आहे: आयआर, म्हणजे अवरक्त किरणांच्या आलेखावर कुठला रासायनिक गट कुठल्या आकड्याला दिसतो, तो तक्ता. कार्बोनिल १७००च्या आसपास, ओएच ३२०० ते ३६००, नायट्राइल २२५०. पाठ करा, हरकत नाही. पण त्या तक्त्यावर मुलाखत निभते, नोकरी निभत नाही. त्यातून जूनमध्ये रुजू झालात तर मुळीच नाही.

आधी हा अवरक्त पट्टा केवढा लांबलचक आहे ते ध्यानात घ्या. तांबडा रंग साधारण ०.७५ मायक्रॉनला संपतो. तिथून १ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे पार मायक्रोवेव्हच्या वेशीपर्यंत, सगळं अवरक्तच. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांत थर्मामीटर ठेवले आणि तांबड्याच्या पलीकडे, डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, पारा जास्त चढलेला पाहिला. त्याला सापडला तो या पट्ट्याचा नुसता अलीकडचा काठ. आपलं एफटीआयआर, म्हणजे हा आलेख काढणारं यंत्र, चालतं २.५ ते २५ मायक्रॉनमध्ये. अतिनीलमध्ये इलेक्ट्रॉन उड्या मारतात, मायक्रोवेव्हमध्ये रेणू नुसते फिरतात. मधल्या या पट्ट्याची ऊर्जा बंध ताणायला आणि वाकवायला नेमकी पुरते. पडद्यावर मायक्रॉन दिसत नाहीत, ४००० ते ४०० असा वेव्हनंबर (एका सेंटिमीटरमध्ये किती लाटा बसतात तो आकडा) दिसतो; वरच्या तक्त्यातले आकडेही तेच. १०,०००ला वेव्हनंबरने भागा, झाले मायक्रॉन. हा भागाकार कुणी करत नाही. तुम्ही करा, पुढे लागणार आहे.

आता खड्डा. नमुना ज्यात मिसळून यंत्रात ठेवतात ती केबीआरची, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडची, डिस्क.

कृती सगळ्यांना येते: एक-दोन मिलिग्रॅम नमुना, दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम केबीआर, अगेटच्या खलात घोटायचं, डायमध्ये भरून प्रेसखाली दाबायचं. केबीआर वापरतात कारण तो ४००पर्यंत पारदर्शक असतो. पण जात मिठाची. घरातल्या बरणीत जुलैमध्ये मिठाचं काय होतं ते आठवा. तेच तुमच्या खलात दोन मिनिटांत होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते आलेखावर: ३४००ला रुंद कुबड आणि १६४०च्या आसपास त्याचा धाकटा भाऊ.

पॅरासिटामॉल घ्या. त्याचा एनएच ३३२५च्या जवळ, फिनॉलचा ओएच ३१६०च्या आसपास, अमाइडचा कार्बोनिल १६५५ला. म्हणजे पाण्याची दोन्ही कुबडं बरोब्बर त्याच्या महत्त्वाच्या पीकच्या (आलेखावरच्या टोकांच्या) मांडीला मांडी लावून बसतात. वरची दोन पीक बुजतात, १६५५ला खांदा फुटतो, आणि नवा माणूस ठोकून देतो: नमुना ओला आहे. मीही तेच म्हणाले होते, तेही वरिष्ठांसमोर, छातीठोकपणे. नमुना कोरडा ठणठणीत होता. पाणी गोव्याच्या हवेतलं होतं.

म्हणून नमुन्याआधी कोऱ्या केबीआरची डिस्क करा आणि तिचा आलेख बघा. तिच्यातही कुबड असेल तर दोष नमुन्याचा नाही. केबीआर १०५-११० अंशांच्या ओव्हनमध्ये नीट सुकवून डेसिकेटरमध्येच (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, आणि डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी (कोरडी) आहे की गुलाबी (ओली) झाली, हे उघडताना बघायची सवय लावा. नारिंगी-हिरवी जात असेल तर तिचे रंग विचारून घ्या. खलावर आयआरचा दिवा लावून घोटा. (त्या दिव्याचे किरणही याच कुळातले, फक्त बरेच अलीकडच्या काठाचे.)

"मग कमी घोटू, पाणी कमी शिरेल," असं डोक्यात येईल. इथे तो भागाकार. ४००० म्हणजे २.५ मायक्रॉन. कण त्याहून जाड राहिले तर प्रकाश शोषला जाण्याआधी विखुरतो, आणि ४०००च्या टोकाला बेसलाइन (आलेखाची आधाररेषा) खाली झुकते. कण २ मायक्रॉनच्या आत हवेत. जास्त घोटलं तर पाणी, कमी घोटलं तर तिरकी बेसलाइन: इकडे आड, तिकडे विहीर. सुटका एकच. नमुना आधी एकटा बारीक घोटायचा, सुका केबीआर नंतर घालून हलक्या हाताने मिसळायचा. जमतं. पहिल्या आठवड्यात नाही जमणार, त्याने खचू नका. डिस्क दुधाळ येणं, डायमधून काढताना तडकणं, हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं.

पण बिघडलेला आलेख गुपचूप पुसून दुसरा घेऊ नका. ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे यंत्राच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, सगळं राहतं, आणि "ट्रायल म्हणून घेतला होता" हे उत्तर ऑडिटरसमोर चालत नाही. जे झालं ते लिहा, सही करा, पुढे चला. ओली डिस्क माफ होते. लपवलेली होत नाही.

एटीआर, म्हणजे डिस्क न करता नमुना थेट तपासणारी जोडणी, असेल तर सुख आहे: चिमूटभर पूड हिऱ्यावर ठेवा, दाबा, झालं. पण संदर्भाचा आलेख डिस्कवर घेतलेला असेल तर तुलना जपून. एटीआरमध्ये तरंगलांबी जितकी मोठी तितका प्रकाश नमुन्यात खोल जातो, म्हणून ४००च्या बाजूची पीक फुगलेली दिसतात. आणि लायब्ररीने (संगणकात साठवलेल्या आलेखांच्या संग्रहाने) ९८ टक्के जुळतंय म्हटलं म्हणून मान डोलावणारे वरिष्ठ मला अजिबात पटत नाहीत. शिकायचं तर जो टेक्निशियन पावसाळ्याच्या तोंडाला स्वतः डेसिकंट बदलतो, त्याच्या मागे हिंडा. पदवी विचारू नका. पुष्कळ यंत्रांच्या पोटात बीमस्प्लिटरही (प्रकाशाचे दोन भाग करणारा तुकडा) केबीआरचाच असतो. दमट हवेत तो धुरकटला की खर्च मोठा. वीज वाचवायला शनिवारी यंत्र बंद करून, त्याची ऊब घालवून, जाणारा हुशार प्रत्येक लॅबमध्ये एक असतो. तो तुम्ही होऊ नका.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास निघू शकतो: हवेत ७८ टक्के नायट्रोजन, मग बॅकग्राउंडमध्ये (नमुना न ठेवता घेतलेल्या आलेखात) तो का दिसत नाही? दोन सारखे अणू, ताणले तरी द्विध्रुव (विद्युतभाराची असमान वाटणी) बदलत नाही, म्हणून अवरक्त शोषण नाही. ऑक्सिजनचंही तेच. दिसतात ती पाण्याची वाफ आणि २३५०च्या आसपास कार्बन डायऑक्साइड, त्यातला थोडा तुमच्याच श्वासातला. बॅकग्राउंड घेताना झाकण उघडं ठेवून यंत्रावर वाकून गप्पा मारू नका.