फ्लॅटबेड स्कॅनरवर इन्फ्रारेड: या चुका टाळा

काजळीच्या शाईने लिहिलेला मोडी कागद असतो आणि त्यावर नंतर कुणीतरी बॉलपेनने गिरगटलेलं असतं. इन्फ्रारेडमध्ये बॉलपेनची शाई बहुतेक वेळा विरून जाते आणि काजळी काळीच राहते. जुना सीसीडी स्कॅनर (ज्यात आरसे आणि लेन्स कागदाचं चित्र सेन्सरवर पाडतात) आणि ८५० नॅनोमीटरचे एलईडी एवढ्यावर हे घरी जमतं. स्क्रू काढण्यात फारसं कुणाचं अडत नाही, अडतं ते कॅलिब्रेशनला, म्हणजे उजेडाचं माप जुळवण्याला.

पण त्याआधीची एक चूक. सेन्सरसमोरचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. सेन्सरचं सिलिकॉन साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंत बघू शकतं हे खरं, पण स्कॅनरच्या दिव्याची नळी किंवा पांढरा एलईडी इन्फ्रारेड जवळजवळ देतच नाही. मग सेन्सर बघणार काय? दिवा बदलावाच लागतो. जुन्या नळीत पारा असतो आणि तिच्या सर्किटमध्ये शेकडो व्होल्ट, तेव्हा प्लग काढून, जपून. सडपातळ, नुसत्या यूएसबीवर चालणारा स्कॅनर बहुधा सीआयएस, म्हणजे काचेखालीच सेन्सरची पट्टी असलेला, निघतो. त्याचे दिवे सेन्सरच्या पट्टीतच बसवलेले असतात, त्याच्या नादी लागू नका.

फिल्टरची काच काढून जागा मोकळी ठेवली की चित्र धूसर येतं. काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश इतका फोकस सरकतो. तेवढ्याच जाडीची साधी काच बसवा. तरी थोडा फरक उरतो, कारण इन्फ्रारेडचा फोकस मुळातच लेन्सपासून जरा लांब पडतो. तो लेन्स किंचित सरकवूनच जुळवायचा.

आता मुख्य दुखणं. प्रत्येक स्कॅनच्या आधी स्कॅनर काचेच्या कडेखाली चिकटवलेली पांढरी पट्टी वाचतो आणि तिच्यावरून प्रत्येक पिक्सेलची भरपाई (कुठला किती उजळवायचा) ठरवतो. नवे एलईडी मंद असले की तो सिग्नल ताणतो आणि चित्रभर दाणे येतात, नाहीतर दिवा तापण्याची वाट बघत अडकून बसतो. यावर काही जण कॅलिब्रेशनपुरता जुना पांढरा दिवा लावतात आणि नंतर इन्फ्रारेड चालू करतात. स्कॅनर खूश होतो, पण चित्रात उभ्या रेघा उमटतात. पांढऱ्या उजेडात मोजलेली भरपाई इन्फ्रारेडला लागू पडत नाही.

म्हणून स्वतःची भरपाई करा. ड्रायव्हरमधलं ऑटो-लेव्हल, शार्पनिंग, रंगदुरुस्ती सगळं बंद. गॅमा (मधल्या छटा उजळवणारी दुरुस्ती) १.०, १६ बिट, फाइल टिफ. गॅमा लागलेल्या चित्रावर भागाकार केला की कडा उजळतात नाहीतर काळवंडतात, आणि लोक दोष एलईडीला देतात. दिवा बंद ठेवून एक स्कॅन घ्या, जाड पांढऱ्या टेफ्लॉनच्या शीटचा दुसरा, दोन्ही त्याच डीपीआयवर. मग इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, ३२ बिटमध्ये: (चित्र − अंधार) ÷ (टेफ्लॉन − अंधार).

इथे एक सोय आहे जी बरेच जण वापरत नाहीत. स्कॅनरचा सेन्सर म्हणजे पिक्सेलची एक रांग, तीच कागदावरून सरकते. त्यामुळे टेफ्लॉनचं आख्खं चित्र भागाकाराला लागत नाही. ते उभ्या दिशेने सरासरी घेऊन एका ओळीत दाबा आणि पुन्हा पूर्ण उंचीला ताणा. शीटवरची धूळ त्यात विरून जाते. टेफ्लॉनऐवजी एकच साधा कागद ठेवू नका. त्याच्या आरपार झाकण दिसतं.

एलईडी तापले की मंदावतात. काही मिनिटं चालू ठेवून मगच मोजा. आडवे पट्टे आले तर बहुधा दोष पुरवठ्याचा: मंद करण्यासाठी लावलेलं पीडब्ल्यूएम (दिवा झपाट्याने चालू-बंद करणं), नाहीतर स्वस्त अडॅप्टर. स्थिर करंट देणारं सर्किट घ्या. आणि उजेड अंधुक लाल दिसला तरी त्याकडे टक लावून बघू नका. इन्फ्रारेड दिसत नसल्याने डोळे आपोआप मिटत नाहीत.

झाकणाला आतून काळं कापड लावायची हौस आवरा. बरीच काळी कापडं इन्फ्रारेडमध्ये करडी-पांढरी दिसतात.

सगळं जुळलं का, हे एका चिटोऱ्यावर कळतं: निळ्या बॉलपेनची एक रेघ, पेन्सिलीची एक आणि लेझर प्रिंटचे दोन शब्द. पेन्सिल आणि टोनर काळे, बॉलपेन गायब, तर ठीक. बॉलपेन फिकट का होईना दिसत असेल, तर बहुधा कुठूनतरी साधा उजेड शिरतोय. आधी झाकणाच्या फटी तपासा आणि मग जुना पांढरा दिवा खरंच बंद होतोय का ते बघा.