टॉवेल पापडासारखे कडक होतात? शिरका (व्हिनेगर) वापरा

विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर त्यातले क्षार साबणाशी मिळून धाग्यांत साका धरतात आणि टॉवेल अंगाला टोचू लागतो. हा साका आम्लाने सुटतो.

दुकानातला पांढरा शिरका घ्या. माडाचा शिरका रेशादच्या (मासे भरायच्या गोव्याच्या लाल) मसाल्यासाठीच ठेवा, त्याच्या रंगाची छटा पांढऱ्या कपड्यावर उतरू शकते. साबण पूर्ण जाईपर्यंत कपडे दोनदा खळबळा. शेवटच्या बादलीत 15 लिटर पाण्याला 100 मिली शिरका घालून 10 मिनिटं भिजवा, पिळा. वास वाळताना उडून जातो. मशीनमध्ये सॉफ्टनरच्या कप्प्यात 60 मिली पुरे. पण दर धुण्याला नको, रबर खराब होऊ शकतं.

सोडा आणि शिरका एकत्र करू नका. फेस भरपूर येतो, उपयोग दोघांचाही जातो. ब्लीचमध्ये तर चुकूनही नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

खरा मऊपणा झटकण्यात आहे. दोन कोपरे धरून टॉवेल चार-पाच वेळा फटकन झटका, आडवे पडलेले धाग्यांचे फास उभे राहतात. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवताना अर्धवट ओला असताना पुन्हा एकदा झटका.