श्रीमंत मैत्रिणीचं घर जळाल्यावर काय करावं

७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये आग लागली आणि माझ्या मैत्रिणीचं समुद्र दिसणारं घर गेलं. ग्रुपवर लगेच कुणीतरी लिहिलं, 'तिला काय कमी आहे!' खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. आलं तर येऊ द्या, फक्त तिच्यासमोर बोलू नका.

फोन केल्यावर 'इन्शुरन्स होता ना?' हे पहिलं वाक्य नको. तिकडच्या कित्येकांच्या पॉलिसी कंपन्यांनी आधीच बंद केल्या होत्या. मग उरतो कॅलिफोर्नियाचा फेअर प्लॅन, म्हणजे कुठलीच कंपनी विमा देत नसेल तेव्हाचा शेवटचा पर्याय, आणि त्याची मर्यादा ३० लाख डॉलर. आपल्याला डोंगराएवढे वाटतात, पण तिथल्या घराला अपुरे पडू शकतात.

पैसे देऊ नका, फोटो द्या. विमा कंपनीला जळालेल्या सामानाची यादी लागते. मी तिच्याकडच्या दिवाळीचे, हळदीकुंकवाचे फोटो शोधले. आमच्या चेहऱ्यांमागे कपाट, समई, पडदे, सगळं दिसत होतं. तासभर बसून दोघींनी यादी केली. आजीच्या नथीपाशी ती थांबली. तिथे गप्प बसायचं, चहा करायचा.

राख चाळायला जाणार असेल तर एन-९५ मास्क आणि जाड हातमोजे न्या.

आणि पैसे द्यायचेच असतील तर तिच्या घरी साफसफाई करणाऱ्या बाईंना द्या. घरासोबत त्यांचं कामही गेलं. मी तिलाच त्यांचा नंबर मागितला. तिने तो लगेच दिला.